तीनदा पुसलेली विनंती

मित्रांनो, या भंगाराच्या गोदामात माझे वजन झाले तेव्हा काटा हललासुद्धा नाही. तोलणाऱ्याने मला उचलले, पुन्हा खाली ठेवले आणि शेवटी फुटलेल्या मॉनिटरांच्या ढिगावर फेकले. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावर एकशे चार बटणे होती, त्यांतली आता एकशे तीन उरली आहेत. एस, आय आणि आर ही तीन अक्षरे पूर्ण पुसली गेली आहेत, कारण माझ्यावर ‘सर’ हा शब्द फार वेळा लिहिला गेला. पण सर्वांत गुळगुळीत झाले आहे ते वर उजव्या बाजूचे बटण, लिहिलेले खोडणारे. लिहून पाठवलेले पुढच्याला दिसते. लिहून खोडलेले फक्त कीबोर्डला ठाऊक असते. म्हणून ही हकीकत माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

माझा जन्म कुठे झाला ते नक्की सांगता येत नाही. पाठीवर चिकटवलेल्या कागदावर एका दूरच्या देशाचे नाव होते. पण उल्हासनगरच्या ज्या दुकानात माझे खोके फोडले गेले, तिथे तसल्या कागदांची वेगळी चळतही होती. सन २००६, सप्टेंबर महिना. दुकानात कैलास नावाचा कारागीर सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करी. तो सोनिवलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याने माझी सगळी बटणे एकदा दाबून पाहिली.

“सेठ, हा चालेल ना नीट?”

“चलेगा नहीं साईं, दौडेगा,” सेठ गल्ल्यावरून म्हणाले.

“मागचा पण दौडला होता. आठ दिवसांत दौडत दुकानात परत आला.”

सेठ हसले. कैलासने मला बाकीच्या सामानासोबत स्कूटरवर बांधले आणि बदलापूर पूर्वेला, शिरगावला नेले.

त्या घरात दोघी राहत. जनाबाई आणि त्यांची मुलगी अस्मिता. ऑगस्टमध्ये जनाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यांची उजवी बाजू गेली होती. अस्मिता तोवर उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर टायपिस्टच्या टेबलावर बसे. वकिलांच्या हातचे मसुदे वाचून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाईप करणे हे तिचे चार वर्षांचे काम. आईला उठवायला, धुवायला, भरवायला माणूस हवे म्हणून तिने ते टेबल सोडले.

तिचा मोठा भाऊ महेंद्र भुसावळला रेल्वेत होता. मला आणि माझ्यासोबतच्या सगळ्या सामानाला त्यानेच विकत घेतले होते. तो वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितले, “घरात बसून काम मिळवून दाखव. बुद्धपौर्णिमेपर्यंत बघ. जमलं तर आई इथंच राहील. नाही जमलं तर तू नोकरी धर, आईला मी घेऊन जातो.”

जनाबाईंना भुसावळला जायचे नव्हते. शिरगावचे ते दीड खोलीचे घर त्यांच्या दिवंगत नवऱ्याने, बबन यांनी, अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर हातात आलेल्या रकमेतून घेतले होते. खिडकीतून शेजारणी बोलत, विहारातली बुद्धवंदना ऐकू येई. त्या महेंद्रला काही म्हणाल्या नाहीत. तो गेल्यावर एवढेच म्हणाल्या, “अस्मे, मला तिकडं नको पाठवू गं.”

मित्रांनो, माझ्या सगळ्या कामाच्या मुळाशी हे एकच वाक्य होते.

काम मिळवण्याची जागा कैलासने दाखवली. ती इंटरनेटवरची एक साईट होती. परदेशातले लोक आपापले काम तिथे लिहून टाकत. ज्याला ते हवे असेल त्याने बोली लावायची आणि सोबत चार ओळींचे पत्र लिहायचे. काम देणारा त्यांतून एकाला निवडी. काम संपल्यावर तो पाचपैकी किती तारे ते देई आणि दोन शब्द लिही. ते तारे काम करणाऱ्याच्या नावाखाली कायमचे दिसत. ज्याच्या नावाखाली तारे, त्याच्याकडेच पुढची कामे जात. अस्मिताच्या नावाखाली शून्य होते.

माझे तोंड छताकडे असे. पडद्यावर काय येते ते मला कळत नसे. पण अस्मिता आलेले प्रत्येक पत्र आईला मराठीत मोठ्याने वाचून दाखवी, आणि ती स्वतः लिही ते तर माझ्याच अंगावरून जाई.

तिच्या पहिल्या पत्राची सुरुवात मला आजही अक्षरन् अक्षर आठवते. ‘माननीय साहेबांच्या सेवेशी. अर्जदार अस्मिता बबन, वय सव्वीस वर्षे, धंदा टायपिंग, राहणार शिरगाव, बदलापूर पूर्व, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. अर्जदार सविनय विनंती करते की.’ हे सगळे इंग्रजीत, डावीकडे समास सोडून, एकही चूक न करता. चार वर्षे ती हेच टाईप करत आली होती. मागणे मांडायचे तर ते असेच मांडतात, अशी तिची समजूत होती. मूळ मुद्दा सातव्या ओळीत येई. काम देणाऱ्याला पडद्यावर पत्राच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

ऑक्टोबरात तिने अठरा बोली लावल्या. एकाचेही उत्तर आले नाही. नोव्हेंबरात बावीस. सकाळी आईचे आवरून ती दहाला बसे. एक वाजता भारनियमन सुरू होई आणि माझ्यातला दिवा विझे. तेवढ्या तीन तासांत ती एकच अर्ज पुन्हापुन्हा लिही. नक्कल करून चिकटवायची सोय होती, पण तिला ते अप्रामाणिक वाटे.

कैलास दर रविवारी डोकावे. त्याने सल्ला दिला, “ताई, भाव पाड. सगळ्यांत खाली जा. लोक स्वस्तालाच भुलतात.”

तिने भाव पाडला. डिसेंबरात तेवीस बोली. उत्तर नाही. मग एकदा तिने जवळजवळ फुकट करून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा पहिले उत्तर आले. काम देणाऱ्या बाईने विचारले होते, इतके स्वस्त कसे? तुम्ही खरोखर माणूस आहात ना?

जनाबाई खाटेवरून म्हणाल्या, “लिही तिला, अर्धी माणूस इथं पडलीय, अर्धी टायपिंग करतीय.” दोघी हसल्या. पण ते काम दुसऱ्याला गेले. त्रेसष्ट बोली, आणि नावाखाली शून्य.

जानेवारीत आणखी एक उत्तर आले आणि त्याने तिची पद्धत बदलली. लिहिणारा उद्धट नव्हता, घाईत होता. अस्मिताने वाचून दाखवले: ‘मला रोज अशी तीस पत्रे येतात. तुमचा तालुका कोणता याने माझे काही होत नाही. माझ्या कामाचे तुम्ही काय करणार ते पहिल्या ओळीत सांगा.’

तिने ते पत्र पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, “आई, इतके दिवस मी त्यांना माझंच सांगत बसले. त्यांचं काम काय आहे ते मी नीट वाचलंच नाही.”

त्या दिवसापासून तिने रोज एकच बोली लावायची ठरवले. जाहिरात तीनदा वाचायची. पहिली ओळ त्या कामाबद्दल. भाव पडेल नव्हे, योग्य. आणि शक्य असेल तर त्या कामाचा एक तुकडा आधीच करून जोडायचा. मित्रांनो, तिला हे कोणी शिकवले नाही. त्रेसष्ट वेळा नाकारले गेल्यावर माणूस जे शिकते ते हे होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिला एक जाहिरात सापडली. कॅनडातले वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी एका तळ्याकाठच्या पक्ष्यांची टिपणे तीस वर्षे हाताने लिहून ठेवली होती. अक्षर इतके वाईट की मुलालाही लागत नव्हते. ती वह्यांची पाने टाईप करून हवी होती. एक पान नमुना म्हणून जोडले होते.

अस्मिता ते पान पाहून म्हणाली, “याच्यापेक्षा वाईट अक्षराचे वकील मी पाहिलेत.”

तिने पत्रात अर्जदार, वय, राहणार असे काही लिहिले नाही. लिहिले ते एवढेच: ‘तुमच्या वडिलांचे पहिले पान मी टाईप केले आहे, सोबत पाहावे. दोन शब्द मला लागले नाहीत. तिथे अंदाज न लिहिता जागा मोकळी सोडली आहे.’

तिसऱ्या दिवशी काम तिला मिळाले. वॉल्टर यांनी लिहिले होते, बाकी सगळ्यांनी त्या दोन जागी काहीतरी ठोकून दिले होते. तुम्ही एकट्याच खरे बोललात.

पुढचे सहा आठवडे हा माझ्या आयुष्यातला चांगला काळ. दोनशे बारा पाने. जनाबाईंची खाट तिने पडद्याजवळ ओढून घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण आकार त्यांच्या ध्यानात राहत. एक आकडीसारखी खूण पानापानांवर येई आणि अस्मिताला ती लागेना. जनाबाईंनी डाव्या हाताचे बोट पडद्याला लावले.

“हीच खूण परवाच्या पानावर होती. तिथं पुढं तू पाणी असं वाचलं होतंस. आज पण पाणीच आहे का बघ.”

“आहे.”

“मग पाण्यात उभा राहतो तो. मान वाकडी बघ त्याची. बगळा असेल.”

तो बगळाच होता. वॉल्टर यांनी कळवले की ही खूण वडिलांची खासगी होती, घरात कोणालाच माहीत नव्हती. जनाबाईंनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने, डाव्या का होईना, पोटभर जेवण केले. अस्मिता वेगाने पण हलके टाईप करी; माझे एकही बटण तिने कधी आपटले नाही. दर रविवारी ती मला उलटे धरून झटकी आणि ओल्या फडक्याने पुशी. माझी एवढी काळजी नंतर कोणी घेतली नाही.

एकोणतीस मार्चला शेवटचे पान गेले. दुसऱ्या दिवशी वॉल्टर यांनी ठरलेले पैसे पाठवले आणि एका ओळीत लिहिले: ‘सगळे मिळाले. आभार.’ तारे मात्र दिले नाहीत. साईटचा नियम होता की काम संपल्यापासून तीस दिवसांत तारे द्यायचे. नंतर ती खिडकी बंद होते.

अस्मिताने नव्या बोली लावल्या. आता तिला उत्तरे येत. तिची पत्रे लोक वाचू लागले होते. पण प्रत्येक जण शेवटी एकच विचारी: तुमच्या नावाखाली एकही तारा कसा नाही? आधी कोणासाठी काम केले आहे का? ती वॉल्टर यांचे काम सांगे. मग पुढचे उत्तर येत नसे. कोणी कोणाच्या सांगण्यावर कशाला विश्वास ठेवील?

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी कैलास आला.

“मागितलास का स्टार?”

“आवडलं असेल तर देतील ना ते.”

“अगं ताई, त्या म्हाताऱ्याला तिथं बटण असतं हे तरी माहीत आहे का?”

“साईट सांगते सगळ्यांना.”

“साईट मला पण रोज काय काय सांगते. मी वाचतो का? एक लाईन टाक. लाज कसली त्यात?”

खाटेवरून जनाबाई म्हणाल्या, “कैलास, हिच्या बापानं कधी कुणापुढं हात नाही पसरला. कंपनी बंद झाली, सगळे साहेबाच्या बंगल्यावर गेले, दुसरीकडं घ्या म्हणून हात जोडून उभे राहिले. हा नाही गेला. नाक्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणायचा, सायकल चालली की झालं. ती चांगली चालते असं गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही, ती भीक झाली.”

कैलास म्हणाला, “मावशी, ताईचे बाबा मोठे माणूस होते. पण त्यांचं दुकान नाक्यावर होतं. त्यांनी रिपेर केलेली सायकल चारचौघांना चालताना दिसायची. इथं हिचं काम कोणाला दिसतंय?”

कैलास चहा न घेता गेला.

आता ज्या बटणाची गोष्ट सांगायची म्हणालो, तिकडे येतो. नऊ एप्रिलला, दुपारी बारा वाजता, अस्मिताने वॉल्टर यांना लिहायला घेतले: ‘सर, काम आवडले असल्यास कृपया साईटवर दोन शब्द लिहाल का?’ तिने ते वाचले. मग खोडायचे बटण धरून ठेवले आणि सगळे पुसून टाकले. सतरा एप्रिलला पुन्हा लिहिले. या वेळी ‘कृपया’ नव्हते, ‘तुमची सोय असल्यास’ होते. तेही पुसले. सत्तावीस एप्रिलला, खिडकी बंद व्हायला एक दिवस उरला असताना, तिने सर्वांत छोटे पत्र लिहिले: ‘सर, तुमच्या दोन शब्दांवर माझी आई घरी राहणार आहे.’ ते पूर्ण झाले. तिचा हात माझ्यावरून उठला आणि शेजारच्या माऊसवर गेला. पाठवायला एक टिचकी पुरेशी होती.

“काय लिहितीस गं?” जनाबाईंनी विचारले.

“काही नाही.”

हात परत आला. तिने एकेक अक्षर मागून पुढे पुसत नेले. बटण धरून ठेवले असते तर दोन क्षणांत झाले असते. तिने मोजल्यासारखे एकेकदा दाबले.

दोन मेला बुद्धपौर्णिमा होती. महेंद्र आणि त्याची बायको भावना सकाळीच आले. विहारातून खीर आली. भावनाने सासूचे कपडे नीट घड्या करून पिशवीत भरले, औषधांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवल्या. कोणी कोणाला बोल लावला नाही. महेंद्रने विचारलेही, “अजून एक महिना देऊ का?” अस्मिता म्हणाली, “एका महिन्यात काय बदलणार, दादा?” ठाण्याच्या एका ऑफिसात तिला जागा मिळत होती आणि ती अडवून ठेवता येणार नव्हती.

रिक्षा आली. महेंद्र आणि भावनाने जनाबाईंना खुर्चीसकट उचलले. दारात त्यांनी थांबायला लावले.

“अस्मे, त्या साहेबाला तू लिहिलं नाहीस ते माझ्या बोलण्यामुळं का?”

“नाही आई. माझ्या मनातच नाही आलं कधी.”

मी तिथेच टेबलावर होतो. ती खोटे बोलत होती, आणि मला एक अक्षरही उमटवता येत नव्हते.

जूनमधल्या एका रविवारी अस्मिता बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर बसली. वॉल्टर यांचे पत्र आले होते. सवयीने तिने मान खाटेकडे वळवली आणि मोठ्याने, मराठीत वाचू लागली: ‘प्रिय अस्मिता, वडिलांच्या वह्यांचे पुस्तक छापून झाले. बगळ्याची खूण मी मुखपृष्ठावर घेतली आहे. माझी बहीण म्हणाली की तुमच्या साईटवर तारे द्यायचे असतात. मला ते माहीतच नव्हते, मला या यंत्रांतले फारसे कळत नाही. काल द्यायला गेलो तर मुदत संपली असे आले. पाचच्या पाच देणार होतो. तुम्ही मला एक शब्द का नाही लिहिलात?’

खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. अस्मिता तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने मला जवळ ओढले आणि लिहिले: ‘हरकत नाही, सर.’ हे मात्र तिने पुसले नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर बंद राहिला. माझ्यावर धूळ बसली. पावसाळ्यात दोन बटणे अडकली, एक मुंग्यांनी पोखरल्यासारखे निखळून पडले. पुढच्या वर्षी जनाबाई शिरगावला आल्या, पण दोन दिवसांच्या पाहुण्या म्हणून. आपल्याच घरात त्यांनी विचारले, “मी कुठं झोपू?” त्याच आठवड्यात अस्मिताने सामान विकायला काढले. कैलासने पडदा आणि कॉम्प्युटरचा डबा दुकानात नेला. मला हातात घेऊन त्याने तीन पुसलेली अक्षरे पाहिली आणि म्हणाला, “ताई, याचं काही येणार नाही.” नंतर मी पोत्यात होतो, आणि आता इथे आहे.

मित्रांनो, माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. उद्या माझे प्लास्टिक वितळेल. पण तुमचे काम कोणी नीट करून दिले, टाईप केले, शिवले, दुरुस्त केले, तर त्याने विचारण्याची वाट पाहू नका. दोन शब्द त्याच दिवशी लिहा, त्याचे नाव घालून लिहा. त्या दोन शब्दांवर कोणाची खाट कुठल्या घरात राहणार आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि काम करणारे तुम्ही असाल, तर झालेल्या कामाची पावती मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे, एवढे मला समजले आहे. ते मला सत्तावीस एप्रिलच्या दुपारी सांगता आले असते तर बरे झाले असते. पण कीबोर्डला स्वतःहून काही लिहिता येत नाही. माझ्यावर जे लिहिले गेले तेच मी उमटवले, आणि जे पुसायला सांगितले ते एकेक अक्षर पुसले.